अजून एक बादली

क्लीव्हलँडमध्ये फेब्रुवारीत कुणी बाथरूम फोडत नाही,
पण होचेवारांची आम्ही फेब्रुवारीतच फोडली.
टबाच्या जागी सपाट शॉवर हवा, उंबरठा नसलेला,
भिंतीला धरायला दांड्या,
एवढंच काम म्हणून घेतलं होतं व्हर्नेलनं.

मग भिंत उघडली.

आत उभा चार इंची बिडाचा पाइप,
एकोणीसशे चोवीस सालचा,
जेवणघराच्या भिंतीतून सरळ तळघरात उतरलेला,
घरातल्या कुणाहूनही थोरला.
व्हर्नेलनं हातोडीच्या दांड्यानं टकटक केली,
डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतात तशी,
कान लावला आणि म्हणाली, गेलाय हा.
मागच्या अंगाला उभी चीर होती,
टाचेला हिवाळ्यात पडते तशी भेग,
तिच्या कडेनं काळं पाणी कधीतरी सुकलेलं.

आधी वरचा भाग बांधून घ्यायचा,
नाहीतर छतापासूनचं सगळं वजन डोक्यात.
मग साखळी गुंडाळायची, दातेरी चाकं रुतवायची,
दांडा दाबायचा आणि तोंड फिरवायचं.
बीड लवत नाही.
शेवटपर्यंत काही बोलत नाही,
मग एकदम तडकतं, बंदुकीसारखं.

पहिला तुकडा मी खांद्यावर घेतला.
तोंडात डोकावून पाहिलं तर
चार इंचांतलं दीड इंच उरलेलं,
बाकी गंजाचे पोपडे, साबण, केस,
कुणाकुणाचे केस.
जोडात शिसं होतं, शिशाखाली डांबरात भिजवलेला ताग,
त्याला अजून होडीचा वास.
ज्यानं ते ठासलं त्याच्या छिन्नीच्या खुणा
शिवणीच्या टाक्यांसारख्या, एका अंतरावर.
व्हर्नेलनं त्यांवरून अंगठा फिरवला.
"डावखुरा होता," म्हणाली.
त्याच्याबद्दल आणखी काही कळलं नाही.

दिवेलागणीपर्यंत पांढरं प्लास्टिक उभं राहिलं.
जांभळा द्राव, मग डिंक, पाव फेरा,
दाबून धरून तीस आकडे.
खेळण्यासारखं हलकं.
माझ्या काखेत मावलं अख्खं.

लुडविक होचेवार खाली टेबलाशी सूप पीत होता.
व्हर्नेल सगळ्या गिऱ्हाइकांना सांगते तेच त्यालाही सांगायला गेली :
प्लास्टिक बडबडं असतं,
वर कुणी दात घासले तरी इथं ऐकू येईल.
या भिंतीपुरतं नवीन बीड घालता येतं,
पैसे थोडे जास्त, पण आवाज नाही.
बहुतेक लोक घालतात.

त्यानं चमचा बशीत ठेवला.
"मिल्का वर पडली त्या दिवशी
मी इथंच होतो. याच खुर्चीत.
पाणी चाळीस मिनिटं वाहत होतं."
मग थोडं थांबून,
"मी शब्दकोडं सोडवत होतो."

तळघरात भट्टी सुरू झाली.
व्हर्नेलनं मोजपट्टी हातभर ओढली,
परत आत जाऊ दिली,
आणि वहीतला बिडाचा भाव खोडला.
मला कामावर लागून तीन महिने झाले होते,
मी बुटांवरची गंजाची भुकटी बघत राहिले.

तुकडे मागच्या दारी बर्फात रचले.
भंगारवाला पौंडावर घेतो,
शिसं वेगळं, त्याला बरा भाव येतो.
हत्यारं गाडीत चढवली, हात धुतले तळघरातल्या नळाखाली,
आणि निघताना तो म्हणाला, बघू दे की ऐकून.

मी वर गेले, बादली भरली,
जमिनीतल्या उघड्या तोंडात ओतली.
भिंतीतून धडपडत उतरली ती,
खालच्या वळणावर अडखळली, मग गेली.
जिन्यातून वाकून पाहिलं :
पेपर उघडलेला, हातात पेन्सिल,
नजर मात्र वॉलपेपरच्या फुलांवर.

"अजून एक," तो खालून म्हणाला.
आणि मी नळ सोडला तेव्हा,
"एवढी नको.
कुणी नुसते हात धुतले, तर येईल तेवढी."